माणग्याच्या बाणाला पुढे कठीण लाकडाचा जोड: माप, सांधा, पॉलिश

#१ पेडणे_धनु

लाँगबो ४० पौंडांचा (२८ इंच खेचीवर). बाण ३० इंची, माणग्याच्या (कोकण-गोव्यातला जाड भिंतीचा बांबू) भिंतीतून पट्टी काढून गोल केलेले, व्यास ८.३ मिमी, टोपी (पुढचं धातूचं टोक) १०० ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅमची. नेम चुकला की बाण मागच्या चिऱ्याच्या गडग्यावर जातो. काडी दर वेळी एकाच जागी मोडते, टोपीच्या मागे इंच-दीड इंचावर. सरळ तुटत नाही, केरसुणीसारखी पिंजते.

उपाय म्हणून पुढे शिसवीचा तुकडा ५० मिमीच्या व्ही-सांध्याने जोडून पाहिला. आता बरोबर सांध्याच्या मागे तुटते. तर: सांधा किती लांब हवा, गोव्यात मिळणारं कोणतं लाकूड, पावसाळ्यात टिकणारा गोंद कोणता, आणि जोड लावल्यावर काडीचा ताठरपणा बदलतो का?

#२ रंधा_डिचोली

५० मिमीच्या सांध्याने तुटायची जागा फक्त दोन इंच मागे सरकवली, दुसरं काही केलं नाही. बाण आपटतो तेव्हा टोक थांबतं, मागचा भाग पुढे रेटत राहतो आणि काडी वाकते. कडक तुकडा जिथे एकदम संपतो तिथे सगळा वाक गोळा होतो. म्हणून सांधा इतका लांब हवा की कडकपणा हळूहळू उतरेल. व्यासाच्या पंधरापट किमान, वीसपट उत्तम.

दोन पाकळ्यांचा सांधा करा. माणग्याच्या काडीला लांब पाचर, कठीण लाकडाला उभी चीर, पाचर चिरेत. चिरेच्या दोन बाजूंना उरतात त्या पाकळ्या. मापं तुमच्या ८.३ मिमीच्या काडीसाठी देतो.

काडी अजून गोल करायची नाही. ९.५ मिमी चौरस ठेवा. पुढच्या १८० मिमीत समोरासमोरच्या दोन बाजू रंध्याने उतरवत न्या, टोकाला १.२ मिमी जाडी उरेल अशा. म्हणजे एका बाजूने ४ मिमीच्या थोडं वर उतार. हाताने डोळ्यांवर विसंबून हे होत नाही. सागवानाच्या पट्टीत तेवढ्याच उताराची खोबण करून घ्या, काडी तीत बसवा आणि रंधा पट्टीच्या कडांवर टेकेपर्यंत चालवा. एकदा साचा झाला की डझनभर काड्या एकसारख्या निघतात.

जोडाचा तुकडा ११ मिमी चौरस, २३० मिमी लांब. त्यात मधोमध १८० मिमी चीर, ५० मिमी भरीव राहू द्यायचं. चीर हॅक्सॉच्या पात्याने पाडली तर साधारण १ मिमी रुंद येते आणि पाचरीचं १.२ मिमीचं टोक घट्ट बसतं. करवत तुकड्याच्या दोन्ही बाजूंनी आलटून पालटून चालवा, एकाच बाजूने गेलात तर पातं आत तिरकं पळतं.

आता महत्त्वाचं. पाचर आत रेटली की पाकळ्या फाकतात आणि चिरेच्या मुळाशी ताण येतो. तिथे आधी १० मिमी रुंद दोरा घट्ट गुंडाळा किंवा छोटा शिकंजा लावा. हे न करता ठोकलं की भरीव भागात चीर पळते, तुकडा वाया. हातोडी नको, हाताने दाबत न्या. पाकळ्या फारच ताठ वाटल्या तर हॉट एअर गनने थोड्या तापवा, पाण्यात उकळू नका. पाणी शिरलं की गोंद लावायला पुढचे आठ दिवस गेले.

#३ सांगे_वेळू

बांबूची पाठ कोणत्या बाजूला ठेवायची ते वर आलं नाही, आणि निम्मे सांधे तिथेच बिघडतात.

पट्टीची एक बाजू पाठ, म्हणजे सालीकडची, धागे दाट. समोरची पोटाकडची, धागे विरळ, मऊ. पाचरीचे उतार या दोन बाजूंवर पाडायचे नाहीत. पाठ छिलली तर जी ताकद होती तीच गेली. उतार उरलेल्या दोन बाजूंवर पाडा, म्हणजे पाठीचा थर पाचरीच्या एका कडेने थेट टोकापर्यंत अखंड जातो.

गाठ पाचरीत येता कामा नये. गाठीत धागे वळतात, तिथे रंधा उपटा मारतो आणि पाचर तिथेच मोडते. माणग्याचं पेर वीतभर तर सहज असतं. पट्टी कापतानाच असं बघा की पुढे सलग पेर येईल आणि मागच्या (दोरी बसते त्या) खाचेच्या ४० मिमीतही गाठ नसेल. मधल्या तीन-चार गाठी चालतात, त्या फक्त काठोकाठ छिलून सपाट करा.

बांबू तीन वर्षांचा, पावसानंतर तोडलेला, शक्यतो डिसेंबर-जानेवारीत. कोवळ्यात पिष्ट जास्त, तो पोखरला जातो आणि पॉलिशखालून पिठासारखा भुगा गळतो. पट्ट्या काढून १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून चार-पाच दिवस बुडवा, मग सावलीत वाळवा. वाळल्यावर वाकडेपणा निखाऱ्यावर काढा. सालीवर तेलकट चकाकी आली की वाकवा आणि थंड होईपर्यंत धरून ठेवा. गरम असतानाच सोडलं तर परत जागेवर येतो.

#४ रंधा_डिचोली

वेळूंनी पाठीचं सांगितलं ते बरोबर, माझ्याकडून राहिलं.

#५ काणकोण_सागर

लाकडाबद्दल. खैर, बाभूळ, शिसव, जांभा, किंदळ, आणि माडाची बाहेरची काळी पाठ. (जांभा म्हणजे झाड. दगड नव्हे. मागे एका धाग्यावर यावरून दोन पानं गैरसमज झाला होता.)

खैर सर्वांत टणक, पण ठिसूळ, पाकळी फाकवताना मुळाशी चिरतो. ज्याला साचा नीट जमलाय त्यानेच घ्यावा. शिसव रंधायला गोड आणि दिसायला सुंदर, मात्र तेलकट, त्यामुळे गोंदाची काळजी. शिसवीच्या भुशाने बऱ्याच जणांना अंगावर पुरळ उठतं, मास्क लावा. बाभूळ मला सर्वांत योग्य वाटते: चिवट, सरळ रेषेचा तुकडा मिळाला तर पाकळी वाकते आणि मोडत नाही. जांभा जड आणि आडवातिडवा असतो, सरळ तुकडा शोधावा लागतो. किंदळ चालतो, पण मार खाल्ला की कडेने सालपटं निघतात.

माडाचं लाकूड बघून मोह होतो, गोव्यात काय कमी आहे! भरीव टोक म्हणून ते उत्तम. पण त्याचे धागे एकमेकांना धरून राहत नाहीत. पाकळी २ मिमीच्या खाली आली की धागे सुटे होतात, म्हणून दोन पाकळ्यांच्या सांध्याला माड नको. भेरली माडाचंही तेच.

लाकूड विकत घेऊ नका. फर्निचरच्या सुताराकडे खिडकीच्या चौकटीचे, खुर्चीच्या पायांचे तुकडे पडलेले असतात. जुनं, घरातच वाळलेलं लाकूड नव्यापेक्षा कधीही बरं. रानातून शिसवीची फांदी आणण्याचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर परवान्याशिवाय ते करू नका.

एकच कसोटी: २३० मिमीच्या तुकड्यावर दोन लगतच्या बाजूंनी रेषा बघा. रेषा तुकड्याच्या कडेतून बाहेर पडत असेल तर पाकळी तिथेच तुटणार. तो तुकडा सुरीच्या मुठीला वापरा.

#६ संचालक

नेहमीची सूचना. इथली चर्चा लक्ष्यावरच्या धनुर्विद्येपुरती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. रानडुकराचे प्रश्न विचारणारे प्रतिसाद उडवले जातील. तीन उडवले आहेत.

#७ मडगाव_माप

गोंद. साधा पांढरा सरस नको. तो ओलीत मऊ पडतो आणि सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. पाण्याला टिकणारा फेविकॉल मरीन बरा, पण मी म्हणेन एपॉक्सी, तीही हळू बसणारी. साधी अराल्डाइट दोन नळ्यांची, समान भाग, दोन मिनिटं नीट घोटून. पाच मिनिटांत बसणारी घेऊ नका, दुसरी पाकळी माखेपर्यंत पहिली आवळलेली असते.

पण गोंदाआधी ओल. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर लाकूड सुमारे १२ टक्के ओल धरून स्थिर होतं, ९० टक्क्यांना सुमारे २० टक्के. म्हणजे जुलैत म्हापशाला उघड्या पडवीत ठेवलेली पट्टी कितीही "वाळलेली" असली तरी ओली. २० टक्क्यांवर जोडलेला सांधा जानेवारीत आकसतो. माणगा आणि शिसव सारखे आकसत नाहीत, मग गोंदाची रेघ उघडते. मीटर नसेल तर वजन करा: जुन्या कपाटात ६० वॅटचा पिवळा बल्ब लावून पट्ट्या आणि जोडाचे तुकडे एकत्र ठेवा, रोज एका ठरलेल्या वेळी अर्ध्या ग्रॅमपर्यंत वजन घ्या. सलग तीन दिवस आकडा हलला नाही की झालं. काढल्यापासून तासाभरात गोंद लावा.

शिसव आणि सागवान असेल तर गोंदाआधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरडून असिटोनने पुसा, पाच मिनिटांत गोंद. उद्यावर ठेवलं तर तेल पुन्हा वर येतं.

आवळायला सायकलच्या ट्यूबच्या १५ मिमी पट्ट्या. आधी प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, नाहीतर ट्यूबच चिकटते. सुरुवात भरीव भागाकडून, मागे पाकळ्यांच्या टोकांकडे जात, म्हणजे जास्तीचा गोंद बाहेर ढकलला जातो. जोर बेताचा. एपॉक्सीला पातळ थर लागतोच, पिळून सगळी काढली तर सांधा उपाशी राहतो आणि पहिल्याच आपटीला करकरतो. ४८ तास हात लावू नका.

#८ पेडणे_धनु

दोन बाण केले, बाभूळ. सांधा बसला, पण गोल करताना एका बाजूच्या पाकळीचं टोक दुसऱ्यापेक्षा १७ मिमी मागे संपतंय. आणि एका टोकाशी पापुद्रा उचलला गेला. चीर मधोमध नव्हती का?

#९ रंधा_डिचोली

टोकांच्या फरकाला घाबरू नका. हिशेब करा. पाचरीचा उतार साधारण ४३ला १. मध्य ०.१ मिमी सरकला की एक टोक ४.३ मिमी पुढे जातं, दुसरं तितकंच मागे, म्हणजे फरक ८-९ मिमी दिसतो. तुमचा १७ मिमी म्हणजे मध्य ०.२ मिमी सरकलेला. बाणाला ते कळतही नाही, बघणाऱ्याला कळतं. सजावटीसाठी टोकं सारखी हवी असतील तर चौरस असतानाच, गोल करण्याआधी, जे टोक मागे लांबलंय त्या बाजूने रंध्याचा एखादा जास्तीचा हात मारा. तेवढ्याने ते पुढे येतं.

पापुद्रा मात्र दिशेचा दोष. पेन्सिल सोलतो तसं जाडीकडून निमुळतीकडे जायचं. पाकळी पुढे जाड, मागे पातळ, म्हणून रंधा बाणाच्या टोकाकडून पिसांकडे. उलट गेलात की पातं पाकळीच्या टोकाखाली शिरतं आणि ते उचलतं. उचललेलं टोक पातळ सुपरग्लूने बसवून दोऱ्याने बांधा, दुसऱ्या दिवशी कानशीने उतरवा.

आधी पाकळ्यांचा बाहेर आलेला फुगवटा काढून सगळं ९.५ चौरस करा. मग चारी कोपरे छिलून आठ कोनी, प्रत्येक कोपऱ्यातून २.८ मिमी. मग सोळा कोनी. मग अर्धगोल खाचेच्या ठोकळ्यात ८० नंबरचा पेपर लावून काडी फिरवत गोल. ९.५ वरून ८.३ वर आल्यावर दिसणारा सांधा सुमारे १५५ मिमी उरतो, म्हणजे व्यासाच्या साडेअठरापट. म्हणूनच सुरुवातीला १८० सांगितलं होतं.

ड्रिलमध्ये धरून फिरवत असाल तर वेग कमी ठेवा आणि काडी मध्ये ठोकळ्याच्या भोकातून जाऊ द्या. मोकळी ३० इंची काडी भरवेगात चाबकासारखी उडते. चष्मा लावा. पेपर एका जागी दाबून धरू नका, एपॉक्सी तापून मऊ पडते.

#१० मडगाव_माप

ताठरपणाचं उत्तर राहिलंय.

दोन खिळे ६६० मिमी अंतरावर (२६ इंच), काडी त्यांवर आडवी, मधोमध ९०७ ग्रॅम (२ पौंड) टांगा. पाण्याची बाटली तारेसकट तेवढी भरून घ्या. काडी किती मिमी खाली आली ते मोजा. ६६० भागिले ते मिमी म्हणजे पौंडांतला ताठरपणा. १५ मिमी आली तर ४४. तुमच्या ४० पौंडी धनुष्याला ३० इंची बाण ४३ ते ४७मध्ये बसावा, डझनातला फरक ३ पौंडांच्या आत.

मापन जोड लावण्याआधी एकदा आणि गोल झाल्यावर एकदा. ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने जातो. ८.३ मिमीवर फक्त ०.२ मिमी घासलं तरी जवळपास १० टक्के उतरतो. म्हणून "अजून थोडं गुळगुळीत करू" हा विचार सर्वांत महाग पडतो. पेपर मारण्याआधी व्हर्नियरवर ८.५ दिसला पाहिजे.

बांबूची पट्टी पाठीच्या दिशेने आणि आडव्या दिशेने वेगवेगळी वाकते. दोन्हीकडून मोजा, जी ताठ बाजू ती धनुष्याकडे येईल अशी मागची खाच पाडा. दहाच्या दहा बाणांत तीच दिशा.

वजन. ८.३ मिमीची ७६० मिमी माणग्याची काडी २८-२९ ग्रॅम भरते. खैराच्या जोडाने साधारण २ ग्रॅम वाढतात, बाभळीने कमी. टोपी साडेसहा ग्रॅम, पिसं, गोंद धरून ३९ ग्रॅम, म्हणजे ६०० ग्रेन. ४० पौंडाला पौंडामागे १५ ग्रेन. धनुष्य सुखी, पण बाण संथ. हलका हवा असेल तर मागचे २०० मिमी ८.३वरून ७.५पर्यंत निमुळते करा. पुढून काही काढू नका.

तोल: खाचेच्या तळापासून तोलबिंदू ४६५ मिमीवर आला तर ४६५ वजा ३८० (निम्मी लांबी), भागिले ७६० (पूर्ण लांबी), म्हणजे ११ टक्के पुढे. ठीक आहे.

#११ सांगे_वेळू

पुढचं टोक मजबूत केलं की मागची खाच हा कच्चा दुवा उरतो. बांबूत नुसती खाच पाडली तर दोरी ती उभी चिरत नेते, आणि खाच फुटली म्हणजे रिकामं धनुष्य सुटल्यासारखंच, धनुष्यच मोडू शकतं.

खाच जिथे येणार तिच्या काटकोनात ३० मिमी खोल, १.५ मिमी रुंद चीर पाडून म्हशीच्या शिंगाची पातळ पट्टी एपॉक्सीने बसवा. हे जुनं तंत्र आहे. १५४५ला बुडालेल्या मेरी रोझ जहाजातून मिळालेल्या बाणांनाही अशी शिंगाची पट्टी होती. शिंग मिळालं नाही तर बाभळीची किंवा खैराची चीप चालते. करवंटीही चालते, पण तिचा बाक कानशीवर पूर्ण काढावा लागतो आणि उरते जेमतेम २ मिमी.

मग पट्टीच्या आडवी दोरीची खाच: ३ मिमी रुंद, ६-७ मिमी खोल, तळ गोल कानशीने गोल. तळाला कोपरे राहिले तर चीर तिथूनच सुरू होते. दोरी बाणाचं वजन पेलेल इतपत पकडली पाहिजे, पण दोरीवर बोटाने टिचकी मारली की बाण सुटला पाहिजे. खाचेच्या तळाखाली १० मिमी रेशमी किंवा पॉलिएस्टर दोऱ्याचे एकाला एक लागून फेरे, वर पातळ सुपरग्लू.

#१२ काणकोण_सागर

पॉलिशवर कोणी बोललं नाही म्हणून.

लाखेचं पॉलिश (चपडा आणि स्पिरिट, लिटरला १२० ग्रॅम) उन्हाळ्यात सुरेख. पावसाळ्यात स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल बसते आणि दुधासारखी पांढरी झाक येते. कोरड्या दिवशी स्पिरिटचा किंचित ओला बोळा फिरवला की ती जाते, पण लाख पाण्यात टिकत नाही हे खरंच. बोरॅक्सही ओलीत झिरपून निघून जातो, त्यामुळे वरचा थर पाणी अडवणारा हवाच.

तेलातलं पॉलियुरेथेन घ्या, १० टक्के टर्पेंटाइन घालून पातळ. ८० सेंमीचा २० मिमी आतल्या व्यासाचा पाइप, खाली टोपी चिकटवलेली, त्यात २०० मिली. पिसांची जागा सोडून काडी ६० सेंमी बुडवली की पातळी सुमारे १० सेंमी वर येते, म्हणून जास्त भरू नका. काडी हळू वर काढा, दहा सेकंदांत हातभर या गतीने, नाहीतर ओघळ राहतात. टांगून २४ तास, ३२० पेपर, पुन्हा. तीन थर पुरे. टोपी बसण्याची ५ अंशांची निमुळती जागा आधी कागदी टेपने झाका, पॉलिशवर टोपीचा गोंद धरत नाही.

जवसाचं तेल लावणारे कोणी असतील तर तेलाचा बोळा चुरगळून टोपलीत टाकू नका, तो आपोआप पेटतो. पसरून वाळवा. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना लावतात म्हणून बाणाला लावायचा सल्ला कधी कधी ऐकू येतो. ते चिकट राहतं आणि कातडी भाजतं. नको.

#१३ म्हापसा_पीस

पिसांसाठी: नाताळच्या सुमारास टर्की मिळते, पंखाची मोठी पिसं मागून ठेवा. इथे काही जुने लोक तिला पोर्तुगीज नावाने "पेरू" म्हणतात, बाजारात पेरूची पिसं मागितली की मराठी माणूस चक्रावतो. एका बाणाला तिन्ही पिसं एकाच पंखाची, डाव्या तर डाव्या. लांबी ४ ते ५ इंच. हातावरून बाण सोडत असाल तर पिसाच्या देठाचं पुढचं टोक तासून दोऱ्याने बांधा आणि वर गोंदाचा थेंब. उघडं टोक हाताची कातडी सोलतं.

#१४ पेडणे_धनु

नव्या सहा बाणांची नोंद. पाच टिकले. एकाचं भरीव लाकूड टोपीच्या आतच चेचलं, सांधा शाबूत. ताठरपणा ४४ ते ४६. टोपी गरम गोंदाने बसवली होती. चेचलेल्याची दुरुस्ती होईल का, की सांधा कापून नवा?

#१५ रंधा_डिचोली

टोपी तापवून काढा आणि आत बघा. टोपीच्या तळाशी पोकळी राहिली असेल, म्हणजे तुमची ५ अंशांची निमुळती जागा टोपीपेक्षा आखूड निघाली. लाकूड तळाला टेकलं नाही की आपटीचा सगळा भार टोपीच्या काठावर येतो. चेचलेले ५-६ मिमी कापा. भरीव ४० उरलं असेल तर पुन्हा निमुळतं करता येतं. टोपीत खडूची पूड टाकून बसवून बघा, लाकडाच्या टोकाला खडू लागला तर तळाला टेकलं. बाण अर्धा सेंमी आखूड होईल, तेवढा चालतो.

उरलेले पाच रोज सोडण्याआधी दोन्ही हातांत धरून थोडे वाकवा, फिरवत, कानाजवळ. करकरला तर सांध्याच्या रेघेवरून नख फिरवा, उघडी असेल तिथे अडकेल. आणि पात्रांव, गडग्यापुढे भाताचा पेंढा किंवा काथ्याची पोती रचा. चिऱ्यावर खैरही हरतो.

#१६ पेडणे_धनु

खडू लागला नाही. आणखी दोन टोप्या काढून बघितल्या, तिन्हींत ४ मिमी पोकळी. कापतो.